डबल बेल

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे रोज संध्याकाळी, आठच्या सुमाराला, ताटावर चमचा दोनदा वाजायचा. टण्, टण्. मग एक पुरुषी घसा खाकरायचा आणि बायकोचं नाव घ्यायचा. लग्नात घेतात तसं, यमक जुळवून. पहिल्या दिवशी मला वाटलं, शेजारी कुणाचं तरी लग्नबिग्न ठरलंय. दुसऱ्या दिवशी वाटलं, म्हातारा चळला. आठवड्याभरात कळून चुकलं की हा रोजचाच कारभार आहे आणि नाव घेतल्याशिवाय त्या घरात कुणाच्या तोंडात घास जात नाही.

हे कवडूभाऊ. माझे घरमालक, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मी साताऱ्याकडची, कृषी कार्यालयात लिपिक. लग्न मोडून वर्ष होत होतं, तेवढ्यात बदलीचा हुकूम आला. आईला फोन केला, "आई, मला मूल मिळालं." पलीकडे आई गप्पच. मग माझ्या लक्षात आलं आणि घाईघाईने म्हटलं, "अगं, गावाचं नाव आहे ते, चंद्रपूर जिल्ह्यातलं!" दोघीही खूप हसलो. फोन ठेवल्यावर मला रडू आलं, ते आईला सांगितलं नाही.

घर कौलारू. मधोमध एक भिंत घालून त्याची दोन बिऱ्हाडं केलेली. पण भिंत आढ्यापर्यंत पोचायच्या आधीच मालकाचा उत्साह संपला असावा, कारण वर हातभर जागा उघडीच होती. तिच्यातून वास आणि आवाज, दोन्ही सुखाने ये-जा करायचे. खोकी अजून सोडलीही नव्हती, तोच दारात खाकी पँट आणि बनियन घातलेले एक ऐसपैस गृहस्थ उभे राहिले.

"म्याडम, सांबार हाये का जी थोडा?"

मी आधीच वैतागलेली. म्हटलं, "अहो, गॅस अजून जोडला नाही, सांबार कुठून करू? आणि केलं तरी इडली नको का?"

"इडलीले कोन इचारून राह्यलं?" ते गोंधळून म्हणाले. "वरनावर टाकाले पायजे."

त्यांच्या मागून एक किडकिडीत बाई तोंडाला पदर लावून हसत पुढे आल्या. "अजी, त्याईच्याकडं कोथिंबीर म्हनते वाटते." आणि मला म्हणाल्या, "जेवल्या का बाई?" मी नाही म्हटलं. पाच मिनिटांत भात-वरण, जवसाची चटणी आणि वरून मूठभर कोथिंबीर घातलेलं ताट माझ्यापुढे होतं. त्यांच्या परसात सांबाराचा भला मोठा वाफा आहे, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. नवी बाई उपाशी आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

त्या पार्वताबाई. रोज ज्यांचं नाव घेतलं जायचं, त्या. कवडूभाऊंच्या उखाण्यांत महादेव, तुळस, चांदीची वाटी असलं काही नसायचं. ताटात जे असेल ते आणि डोक्यात जो रस्ता असेल तो. त्यांचा मला ऐकू आलेला पहिला उखाणा अजून आठवतो:

"चंद्रपूर सोडलं, मूल आलं, पुढं लागली सावली,
पार्वताच्या हातचं वरन, भूक माही धावली."

सावली हे मूलच्या पुढचं गाव, गडचिरोलीच्या वाटेवरचं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, काय कविमनाचा माणूस आहे! पावसाळ्यात शेताच्या बांधावरचा तरोटा खुडून त्याची भाजी झाली, की "तरोट्याच्या भाजीले लसनाचा तडका, पार्वताच्या नाकावर रागाचा भडका." त्यावर पलीकडून पार्वताबाईंचं ठरलेलं उत्तर: "चुप बसा जी, भात थंडा होऊन राह्यला." एकदा वरणात मीठ जास्त पडलं. मी इकडे कान देऊन बसले होते, आता भांडण होणार म्हणून. (माझ्या सासरी खारट वरणाची वाटी भिंतीवर गेली होती.) पण इथे चमचा वाजला, घसा खाकरला आणि आलं:

"मीठ जास्त झालं, भरली वरनाची वाटी,
पार्वतानं समुद्र आनला माह्यासाठी."

दोघंही ठसका लागेपर्यंत हसली. समुद्र दोघांनीही कधी पाहिला नव्हता. मी इकडे ओट्याशी उभी राहून पातेल्यातूनच खिचडी खात होते. हातातला चमचा तसाच राहिला. इतकं एकटं मला घटस्फोटाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

नाव घ्यायची ही हौस त्यांना कुठून आली, ते मला एका उन्हाळ्यात कळलं. वीज गेली की ती दोघं अंगणात कडुनिंबाखाली जेवायला बसत आणि मलाही हाक मारत. कवडूभाऊंची नोकरी सगळी मुक्कामी गाड्यांवर गेली होती. सिरोंचा, एटापल्ली, भामरागड. संध्याकाळी गाडी न्यायची, तिथेच झोपायचं, सकाळी परत आणायची. "बायकोनं देल्ला डबा मी विंजनच्या बोनटवर ठिवाचो," ते सांगत होते. "मुक्कामाले पोचेवर भाजी गरम राहे. पन थ्या गरमीले काई अर्थ हाये का, बाई? तिले डिझेलचा वास. गरम जेवन म्हंजे वाढनारं मानूस समोर पायजे."

घरी असतानाही काही वेगळं नव्हतं. ते आधी जेवणार, पार्वताबाई मागून, चुलीकडे तोंड करून, उरलंसुरलं. "माही बायको काय खाते, तिले काय आवडते, मले मालूमच नव्हतं. रिटायर झालो त्या दिवशी म्हटलं, आता तू माह्या समोर बसून जेवाचं. तं ही लाजून घासच उचलेना! पोरीचं लगन झालं, नातू झाला, तरी नवऱ्याम्होरं तोंड हालवाले लाजे."

"मंग काय करावं?" पार्वताबाई पुटपुटल्या. "घोड्यावानी टकमक पाहे माह्या तोंडाकडं."

मग कवडूभाऊंनी गाडीचा कायदा लावला. पार्वता कंडक्टर, आपण ड्रायव्हर. तिचं ताट वाढून झालं, ती नीट टेकली, की तिने ताटावर चमचा दोनदा वाजवायचा. एसटीत दोन घंट्या म्हणजे गाडी सोडा. डबल बेल झाल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही, तसा आपण घास उचलणार नाही. आणि ती वाट बघायला लावते म्हणून गंमत करायला एक दिवस नाव घेतलं. ती हसली. हसता हसता जेवली. तेव्हापासून ते सुरूच राहिलं.

"वरून चिडते," ते बायकोकडे बोट दाखवून म्हणाले, "पन एकडाव दाढ काढली होती म्हनून मी नाव नाई घेतलं, तं हे बाई उपाशी झोपली!"

पार्वताबाईंनी भाताच्या गंजाच्या तळाची खरवड काढून त्यांच्या ताटात टाकली. ही खरवड रोजच्या भांडणाचा विषय. ते म्हणायचे तू घे, त्या म्हणायच्या मले दात नाई. शेवटी निम्मी निम्मी व्हायची. त्या दिवशी कवडूभाऊंनी आपल्या निम्म्यातला तुकडा मला दिला आणि म्हणाले, "सुधाबाई, आज तुमी घ्या एक नाव."

पार्वताबाईंनी तत्काळ ताटावर चमचा वाजवला. एकदाच. टण्. एक घंटी म्हणजे गाडी थांबवा. कवडूभाऊ जागच्या जागी गप्प झाले. मी मान खाली घालून खरवड चावत बसले. माझ्या लग्नात घास भरवायच्या वेळी सगळे मागे लागले होते, नाव घ्या, नाव घ्या. नवरदेवाने "मला असलं काही येत नाही" म्हणून जिलबी माझ्या तोंडात कोंबली, तीही फोटोवाल्याकडे बघत. माझं नाव राहिलं ते राहिलंच.

त्या उन्हाळ्यानंतर मी माझं जेवण त्यांच्या घंटीला जोडून टाकलं. कुणाला सांगितलं नाही. कुकर लावायचा, ताट वाढायचं आणि थांबायचं. पलीकडे टण् टण् झालं, नाव झालं, की मी पहिला घास घ्यायची. दुसऱ्याच्या संसारावर जेवणं म्हणा हवं तर. पण मला भूक लागायला लागली, ही खरी गोष्ट आहे.

धानाच्या कापणीच्या दिवसांत पार्वताबाईंना ताप आला. साधा ताप, साधा ताप म्हणता म्हणता त्या गेल्या. नागपूरहून मुलगी सुनंदा आली, तेरवी झाली, पाहुणे पांगले. भिंतीपलीकडे आवाज बंद झाला. चूल नाही, फोडणी नाही, सांबाराचा वास नाही. कवडूभाऊ संध्याकाळी बसस्टँडवर जात आणि कागदात बांधलेले दोन आलूबोंडे घेऊन येत. तेही दारात उभ्यानेच खात. खाकी पँट कमरेवर राहीनाशी झाली, तिला सुतळी बांधली. मी एकदोनदा भाजी नेऊन दिली, ती सकाळी तशीच झाकलेली सापडली.

इकडे माझी वेगळीच तऱ्हा. ताट वाढून बसायचे आणि सुरुवात कधी करायची तेच कळायचं नाही. साडेआठ व्हायचे, नऊ व्हायचे. भात थिजायचा. पुन्हा ओट्याशी, पुन्हा पातेल्यातून.

सुनंदाचा मला फोन आला. बिचारी काळजीनं अर्धी झाली होती. "ताई, बाबा खात नाहीयेत. मी संक्रांतीला येते आणि त्यांना घेऊनच जाते. घराला कुलूप लावू, पुढचं पुढे बघू." मी कवडूभाऊंना विचारलं, जाणार का? ते अंगणात खाटेवर बसले होते.

"न्या मले. कुठी बी न्या," ते म्हणाले. "पोटच तं भराचं हाये."

ज्या माणसाने खारट वरणात समुद्र पाहिला, तो म्हणतो पोटच तर भरायचं आहे! नागपूरला मुलगी प्रेमाने करेल, यात शंका नव्हती. पण तिथे सगळ्यांच्या कामाच्या वेळा वेगळ्या, जो तो आपापलं ताट घेऊन टीव्हीपुढे बसणार, आणि हे पुन्हा मुक्कामी गाडीवर गेल्यासारखे कोपऱ्यात खाणार. मला त्यांचा राग आला. पार्वताबाईंचाही आला, कंडक्टरने असं मधेच उतरून जावं का! आणि खरं सांगते, मला भीतीही वाटली, माझ्या स्वतःसाठी.

त्या संध्याकाळी मी वरण-भात केला, लसणाची फोडणी दिली आणि चटई थेट भिंतीला लागून टाकली. ताट वाढलं. चमचा उचलला आणि ताटावर दोनदा वाजवला, चांगला जोरात. टण्, टण्.

पलीकडे काही नाही. मी पुन्हा वाजवला.

"कोन हाये थे?" आवाज एकदम कापरा आला.

"मी आहे, भाऊ. सुधा. डबल बेल झाली. नाव घ्या."

"कोनाचं नाव घेऊ जी? आयकनारीच गेली."

"मी ऐकते ना! आल्यापासून ऐकतेय. ताट वाढून बसलेय मी, भात गार होतोय. तुम्ही नाव घेतल्याशिवाय मी जेवणार नाही, आणि मला सकाळी ऑफिस आहे."

मला वाटलं, फार बोललो आपण, दुखावलं त्यांना. मग पलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला आणि कवडूभाऊ चिडून म्हणाले, "आता थांबा जी जरा! भात तं शिजू द्या!"

मी थांबले. एकट्याने तांदूळ धुतल्याचं ऐकलं, काडी ओढल्याचं ऐकलं. हळूहळू भाताचा वास भिंतीवरून आला. माझं ताट गार झालं तरी मी हलले नाही. शेवटी पाट सरकला, घसा खाकरला, पुन्हा खाकरला. मी चमचा वाजवला. त्यांच्या बोलीत ळ चा र होतो, डाळीला ते डार म्हणतात:

"एका मानसाचा भात, एका मानसाची डार,
पार्वता आधीच्या गाडीनं गेली, माही गाडी लेट फार."

मी हमसून हमसून रडले. पलीकडेही तेच चाललं असणार. पण दोघंही जेवलो. रडत रडत, भिंतीच्या दोन बाजूंना, पोटभर जेवलो.

मग ते रोजचं झालं. घंटी माझी, नाव त्यांचं, भिंत मधे. संक्रांतीला सुनंदा आली ती बॅग भरायच्या तयारीनेच. संध्याकाळी (हे तिनेच मला नंतर फोनवर सांगितलं) तिने बाबांना स्वतःहून कुकर लावताना पाहिलं आणि ती बघतच राहिली. इकडून मी चमचा वाजवला. पोर दचकून उठली. "बाबा, आई...!" एवढंच म्हणाली. कवडूभाऊ तिला म्हणाले, "बस, बेटा. गाडी सुटून राह्यली." आणि उखाण्यात तिळाची चटणी गुंफून पार्वताचं नाव घेतलं. सुनंदा दोन दिवसांनी एकटीच परत गेली. जाताना माझा हात धरून उभी राहिली.

माझी बदली नंतर कराडला झाली. पहिली काही वर्षं मी न चुकता विनंतीअर्ज करत असे. अर्ज करणं सोडलं, तेव्हा वरच्या ऑफिसने जुना अर्ज मंजूर केला. भावाकडे राहणारी आई आता थकली होती, कराडहून तिच्याकडे जाणं सोपं पडणार होतं, नाही म्हणता येईना. शेवटच्या संध्याकाळी कवडूभाऊंनी अंगणात कडुनिंबाखाली दोन पाट मांडले. हरभऱ्याच्या डाळीचे गोळे घातलेला गोळाभात केला होता, वर कडकडीत तेल, बाजूला परसातला सांबार. एवढ्या काळात आम्ही समोरासमोर बसून जेवायची ही पहिलीच वेळ, पार्वताबाई गेल्यानंतरची.

"भाऊ, आता घंटी कोण वाजवणार?" मी विचारलं. खरं म्हणजे मला रडायचं होतं.

"मीच वाजवीन. डायवरच कंडक्टर. आता तशा बी गाड्या निघाल्या हायेत." ते हसले. मग चमचा माझ्या हातात देऊन म्हणाले, "आज नाव तुमी घ्या."

यावेळी थांबवायला पार्वताबाई नव्हत्या. मी म्हटलं, "कोणाचं घेऊ भाऊ? माझं कोण आहे?"

कवडूभाऊंना माझ्या प्रश्नाचं नवल वाटल्यासारखं झालं. "सोताचं घ्या ना," ते म्हणाले. "काऊन? तुमी रांधता, तुमीच वाढता, तुमीच खाता. मंग नाव कोनाचं राह्यते?"

मी चमचा ताटावर दोनदा वाजवला आणि त्यांच्याकडेच बघत राहिले. त्यांनी आग्रह केला नाही, पार्वताचं नाव घेऊन गाडी पुढे काढली. पण सकाळी बसस्टँडवर माझी बॅग चढवून दिल्यावर खिडकीखाली उभे राहून म्हणाले, "इथी नाई घेतलं तं तिथी घ्या, सुधाबाई. पन उभ्यानं खाऊ नका. आन् थंडं खाऊ नका. मी लय खाल्लं, त्यात काई नाई." कंडक्टरने दोन घंट्या दिल्या. बस हलली, आणि त्यांचा हात वर राहिला.

कराडला आल्यावर मी पुन्हा ओट्याशीच. फ्लॅटच्या भिंती इथे छताला टेकलेल्या, पलीकडचं काही ऐकू येत नाही. कवडूभाऊंचा फोन यायचा, पहिला प्रश्न ठरलेला, "नाव घेतलं का जी?" मी म्हणायची, घेते हो भाऊ, घेते.

गेल्या महिन्यात सुनंदाचा फोन आला. कवडूभाऊ गेले. संध्याकाळी जेवून, ताट धुऊन पालथं घालून झोपले, ते सकाळी उठले नाहीत. रडत रडत ती म्हणाली, "ताई, तुमच्या खोलीत आता नवे भाडेकरू आहेत ना, त्यांना आमची आई गेल्याचंच माहीत नव्हतं. ते मला विचारत होते, पार्वताबाई कुठे आहेत, त्यांना कसं सांगायचं?"

फोन ठेवून मी खाली बाजारात गेले. भाजीवाल्याला म्हटलं, "सांबार द्या दहा रुपयांचा." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "सांबार हाटेलात मिळंल, मॅडम." मी भर बाजारात आधी हसले आणि मग मला हुंदका आवरेना. तो घाबरून म्हणाला, "ताई, काय झालं? काय पायजे नीट सांगा की." मी बोटाने कोथिंबीर दाखवली.

घरी येऊन वरण-भात केला. ओटा पुसून रिकामा ठेवला. जमिनीवर चटई टाकली, ताट वाढलं, वरणावर कोथिंबीर चिरून घातली. भिंतीला पाठ लावून बसले आणि चमचा दोनदा वाजवला. एवढ्याशा खोलीत तो केवढा वाजला! मला उखाणा रचता येत नाही, कधीच आला नव्हता. पण घसा खाकरला आणि म्हटलं:

"गरम भात, पिवळं वरण, वरून हिरवा सांबार,
सुधा एकटी जेवते, पण खात नाही गार."

आणि पहिला घास घेतला.